तळमजला रिकामा आहे

इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या आमच्या बिल्डिंगचा तळमजला दोन वर्षांपासून रिकामा आहे. तिथे राहणाऱ्या आजी गेल्या, मुलगा पुण्याला, आणि किल्ली माझ्याकडे, कारण मी बरोबर वरच राहते. दिवेलागणीला घर अंधारात असू नये म्हणून मी रोज खाली जाते, दिवा लावते आणि निघते. थांबत नाही, कारण त्या घराची मला भीती वाटते. मेलेल्या आजींची नाही हो, त्या बिचाऱ्या कुणाला काय करणार. भीती वाटते ती तिथे राहायला न आलेल्या माणसांची.

माझी मैत्रीण आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ती गणित, मी हिंदी. ती मुसलमान. तिचे आजोबा आणि माझे आजोबा दोघेही दख्खनेतून इथे आले आणि संस्थानच्या चाकरीत लागले. घरात दख्खनी, पण दफ्तराची भाषा मराठी, म्हणून त्यांच्याकडे पोरीबाळींनाही मराठी आलं ते आलंच. फाळणीत त्यांचे भाऊबंद कराचीला निघाले तेव्हा आजोबा म्हणाले होते, मी कशाला जाऊ, माझी पेन्शन इथे आहे. हा किस्सा ती स्टाफरूममध्ये सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. आता आठवला की हसू येत नाही.

ती राहायची राजवाड्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याचे दोन्ही गुडघे गेले होते. ते सरकारी कारकून, उभी नोकरी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, गावोगाव पेट्या घेऊन फिरले. आणि शेवटच्या निवडणुकीत त्यांना स्वतःलाच मत द्यायला उतरता येईना. शेजारचे लोक म्हणाले, चचा, खुर्चीत बसवून नेतो. ते म्हणाले, मैं क्या सामान हूँ. गेले नाहीत. मग महिनोन्‌महिने ते घरातच.

म्हणून मी म्हटलं, आमचा तळमजला घे. पुण्याचा मुलगा फोनवर लगेच हो म्हणाला, मावशी, तुमच्या ओळखीचे आहेत ना, मग झालं. तिच्या नवऱ्यानं फक्त एकच विचारलं होतं, दारात खुर्ची टाकून बसता येईल का? मी जाऊन बघून आले. येईल म्हटलं, आरामात, आणि येणारे-जाणारे सगळे दिसतील.

ती घर बघायला आली ती सुती साडीत, हातात पर्स, शाळेत यायची तशीच. समोरच्या काकू आपणहून बाहेर आल्या. तिचं ते शुद्ध मराठी ऐकून काकू इतक्या खूश झाल्या की काही विचारू नका. इंदुरात आमची नातवंडं "मम्मी, मैं जातोय" म्हणतात, तिथे हिचं मराठी. नळाला पाणी कधी येतं, भाजीवाला कुठे थांबतो, सगळं सांगून झालं. "विरजण लागलं तर दार वाजवा हो, संकोच नको," म्हणाल्या. आणि मग आपल्या लोकांचा तो ठरलेला प्रश्न, जो आपण ट्रेनमध्ये, लग्नात, दवाखान्यात कुणालाही विचारतो आणि त्यात काही वावगं आहे असं आपल्याला कधी वाटतच नाही.

"आडनाव काय म्हणालात?"

तिनं सांगितलं. आवाज न चोरता, हजेरी घ्यावी तसं.

काकू हसतच राहिल्या. "हो का, बरं बरं," म्हणाल्या. गॅसवर दूध आहे म्हणून आत गेल्या, आणि दार लागलं.

त्यानंतर नाही असं कुणीच म्हटलं नाही. हे मला अजून छळतं. सेक्रेटरी जिन्यात भेटले, "मैडम तो एकदम अच्छी हैं भाभीजी, पर अपन को सबको लेके चलना पड़ता है." कुणाला दिक्कत आहे, नाव सांगा, म्हणून मी भडकले. कुणालाच नव्हती. काकू म्हणाल्या, माझं काही नाही बाई, बाकीच्यांचं बघा. बाकीचे म्हणाले, काकूंना विचारा. एका आठवड्यात पुण्याहून फोन आला, मावशी, भाड्याचा विचारच कॅन्सल केलाय. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो बिचारा हूं हूं करत राहिला. भांडायला समोर माणूस तरी हवा ना.

मी तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, "जाऊ दे. पण दुसरं घर बघशील तर आडनाव आधी फोनवरच सांग. मला दारात उभं करू नकोस." मी पुढे चार घरं फोनवर बघितली. चारही फोनवरच संपली.

तेव्हापासून संध्याकाळी वर बसले की खाली खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मुलगी म्हणते, आई, पाइपांचा आवाज आहे. असेल. पण मी दिवा लावायला जाते तेव्हा आधी दाराजवळची जागा बघते.

या उन्हाळ्यात तिचे मिस्टर गेले. मी पोहोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं, सगळ्या हळू आवाजात कुराण पढत होत्या. ती मला घेऊन जिन्याच्या कठड्याशी आली. अरुंद जिना, पुरुष खांद्यावर जनाजा घेऊन वळणावर अडकलेले, कुणीतरी म्हणत होतं, संभल के भिया, कोना देखो, कोना. एक मजला झाला. दुसरा झाला. मग खाली गल्लीतलं ऊन त्यांच्यावर पडलं.

तिनं माझा हात घट्ट धरला होता. त्या सगळ्या बायकांत फक्त मला कळेल असं, मराठीत म्हणाली,

"उतरले गं एकदाचे."