सात जणांची गाडी

माझा दादा बस डेपोत रिझर्वेशनच्या खिडकीवर बसायचा. सगळी नोकरी त्याच खुर्चीत काढली. तिकीट काढायला कुटुंब आलं की तो त्यांना फुटू द्यायचा नाही. लेकुरवाळीला खिडकीजवळ, म्हाताऱ्यांना दाराजवळ आणि मागच्या चाकावर आदळणाऱ्या सीटवर एखादा एकटा तरणा गडी. त्यापायी साहेबाची बोलणीही खायचा. एकदा घरी येऊन म्हणाला, "आज एक भांडलेलं जोडपं आलं होतं, लांब लांबच्या सीटा मागत होतं. मी मुद्दाम शेजारी-शेजारी दिल्या." जगातली निम्मी भांडणं चुकीच्या जागी बसल्यामुळे होतात, असं त्याचं ठाम मत. मी त्याची पाठची बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, तोंडाने फटकळ. मी विचारायचे, "आणि उरलेल्या निम्म्यांचं काय रे?" तो नुसता हसायचा.

असा माणूस. धाकट्या भावाने एक दिवस जेवता जेवता सांगितलं, "दादा, आम्ही वेगळं राहायचा विचार करतोय." दादाचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो उठला आणि गाडी बघायला गेला.

तुम्हाला वाटेल, डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं. पण त्याचा हिशेब वेगळा होता. आमची जुनी गाडी पाच जणांची आणि घरात आम्ही सात: आई, दादा, वहिनी, मी, धाकटा, त्याची बायको म्हणजे धाकटी आणि त्यांची लेक चिमणी. कुठे जायचं झालं की धाकट्याची तिघं मागून टॅक्सीने. एका लग्नाला ती उशिरा पोचली, तोवर घरच्यांचा फोटो काढून झाला होता. धाकटी तिथेच म्हणाली, "आम्हाला कधी घरचं धरलंच नाही." तेव्हापासून घरात धुसफूस. दादाने निदान केलं की आपल्याला दोन सीटा कमी पडल्या. दादा-वहिनीला मूल नाही, चिमणी वहिनीच्याच अंगाखांद्यावर वाढली. ती गेली तर घरात काय उरणार होतं, सांगा.

मग शोरूमच्या खेपा सुरू झाल्या. तीन रांगांची, मोठी, महागातली गाडी. निवृत्तीला मिळालेलं सगळं तिच्यात जाणार होतं. मी बोंब मारली, तर वहिनी म्हणाली, "जाऊ दे हो वन्सं. घर तर राहील." आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

दादाने ती गाडी पारखली तशी कुणी सोयरीकही पारखत नसेल. प्रत्येक सीटवर बसून पाहिलं. मागच्या रांगेत गुडघे कुठे टेकतात, एसीचा वारा तिथवर येतो का, आईला पायरी झेपेल का. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली गाडीही होती. मागे जायला मधून वाट, बसायला ऐसपैस. टायवाला सेल्समन म्हणाला, "काका, सगळे हीच घेतात." पण तिच्यात माणसं सहाच बसत होती. "सहा नाही चालणार," दादा म्हणाला आणि सलग सीटवाली धरली. मग त्याने मला पुढे बसवलं, स्वतः सगळ्यात मागे गेला आणि म्हणाला, "आता नेहमीच्या आवाजात बोल. मागच्याला ऐकू आलं पाहिजे, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला वगळलं." मी म्हटलं, "तुला वेड लागलंय." तो खूश होऊन म्हणाला, "स्पष्ट ऐकू आलं."

चालवून बघायला सगळ्यांना नेलं. धाकटा यायला तयार नव्हता, दादाने अक्षरशः गयावया केली. सेल्समनला नियमाने बरोबर यायचं होतं, तर त्याच्यापुढेही हात जोडले: "आम्ही सातच हवेत हो. एवढी एकच फेरी." पोरगा भला, खाली उतरला. दादाने सगळ्यांच्या जागा ठरवल्या. चालवायला धाकटा, शेजारी आई. मधे वहिनी, चिमणी, धाकटी. मागे आम्ही दोघं. सातच्या सात मावलो. दादाचा चेहरा असा फुलला होता की माझाच जीव गलबलला.

गाडी सुरेख होती, खोटं कशाला बोलू. आई म्हणाली, "पोटातलं पाणीही हलत नाही रे." दादाने मागून विचारलं, "धाकट्या, कसं वाटतंय?" धाकटी पुढे वाकून नवऱ्याला हळूच म्हणाली, "आज सांगूनच टाका." मागे स्पष्ट ऐकू आलं.

धाकट्याने मुख्य रस्ता सोडला आणि एका नव्या इमारतीसमोर गाडी थांबवली. आरशातसुद्धा मागे न बघता म्हणाला, "दादा, फ्लॅट घेतलाय. तिसरा मजला. सगळे आहोत तर दाखवतो." मग दारं उघडली. धाकटी उतरली, चिमणी उतरली, आईला धरून वहिनीही उतरली. मधली सीट बाहेरून कुणी दुमडल्याशिवाय मागच्यांना उतरता येत नाही, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी हाक मारणार होते, दादाने माझा हात दाबला. "राहू दे," म्हणाला, "मला नाही बघायचं." काचेतून सगळे मान वर करून एका गॅलरीकडे बघताना दिसत होते. "अगं, मी सगळ्यांना नीट बसवलं होतं ना?" तो विचारत राहिला.

चिमणी धावत परत आली, सीट दुमडली. "मोठे बाबा, चला ना, माझी खोली बघा." दादा म्हणाला, "तू बघून ये राणी, माझे पाय आखडलेत."

परत शोरूमला आलो. त्या बिचाऱ्या सेल्समनला काय माहीत. त्याने हौसेने मागची रांग आडवी करून दाखवली, "बघा काका, लागलं तर सामानाला केवढी जागा होते." दादा त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मग विचारलं, "गाडी कधी मिळेल?"

"महिनाभर धरा."

दादा धाकट्याकडे वळला. कधी नव्हे ते भावासमोर मान खाली घालून बोलला. "महिनाभर थांबाल? चिमणीचं टेबल बसेल हिच्यात. मीच सोडतो तुम्हाला, दोन-चार खेपा करू. फक्त महिनाभर थांबा रे."

धाकट्याने तोंड फिरवलं. धाकटी वाईट नाही हो.

"भाऊजी," ती म्हणाली, "रविवारचा टेम्पो सांगून झालाय."

दादा "बरं" म्हणाला. मग तिथेच, शोरूमच्या चकचकीत फरशीवर, परक्या लोकांसमोर मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी त्याला उठवायला गेले नाही. त्याच्या शेजारी बसले.