कांद्याला माणसं दाखवताना

आमच्या भाजीच्या गाडीवर दिवसभरात मेथीच्या काड्या साचतात ना, तसे कुत्र्याचं पिल्लू घरात आल्यापासून आमच्याकडे किस्से साचलेत. पिल्लू एक, अन् शहाणे गल्लीभर!

पिल्लाचं नाव कांद्या. ह्यांनी ते चांदूर बाजारहून आणलं अन् आणताच सांगितलं, "घरात लहान पोरगी हाये. एकदा जरी कोणाले दात लावला, तर तिवस्याले मामाच्या वावरात नेऊन सोडीन."

मला तर आधीच धास्ती. परी तेव्हा दीड वर्षाची. सर्दी होईल, दृष्ट लागेल म्हणून मी तिला कोणाच्या हातीसुद्धा देत नव्हते. पण कांद्याचा लळाही लागला होता.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं घ्या, अन् रोज नवी माणसं, नवे कुत्रे दाखवा. घरात कोंडून वाढलं, तर अनोळखी हात अंगावर आला की घाबरून चावते." मग काय, रोज सकाळी कांद्या टोपलीत, टोपली गाडीवर, अन् गाडी अमरावतीच्या गल्ल्यांत.

*

शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, कुत्र्याला कोणी असं मिरवतं का, बांधून ठेव. "आमचा शेरू पाय. पाच वर्सं झाले, कोणालेच चावला नाई."

चावेल कसा? साखळी दोन हात, अन् काकू स्वतः त्याची भाकर झाडूच्या दांड्यानं पुढे सरकवतात!

*

पुढच्या कॉलनीतल्या मॅडमकडे मोठा, शांत लॅब्राडॉर आहे. मी विचारलं, ह्याची त्याची ओळख करून देऊ का. मॅडमनी आधी इंजेक्शनांचं कार्ड मागितलं. ते मी दाखवलं. मग नाक मुरडून म्हणाल्या की आमचा ब्रूनो गावठी कुत्र्यांत मिसळत नाही.

आठवड्यातच ब्रूनो फाटकातून निसटला. सापडला कुठे? आमच्या गाडीखाली, कोबीची पानं चघळत, सोबत दोन गावठी. मॅडम धावत आल्या.

मी म्हटलं, "घाबरू नका. आमी त्याले कार्ड नाई मागितलं."

*

माझे दीर अकोल्याला राहतात. मोबाईलवर कुत्र्यांचे व्हिडिओ पाहून पाहून अर्धे डॉक्टर झालेत. आमच्याकडून लग्नाला निघाले होते, पांढरा कडक शर्ट घालून. जाता जाता कांद्याला मानेला धरून तोंडापुढे उचललं, डोळ्यांत डोळे घातले अन् म्हणाले, "वहिनी, मालक कोन हाये ते पयल्याच दिवशी दाखवा लागते."

कांद्यानं वरूनच सगळा शर्ट ओला केला. लग्नात मालक माझ्या नवऱ्याच्या चौकड्याच्या शर्टात बसले.

*

सगळ्यांत कमी बोलले ते टेलर रशीदचाचा. पिल्लं बिचकतात ती दाढी, टोपी, चष्मा, सगळं एकाच माणसात, म्हणून मी कांद्याला मुद्दाम नेलं. चाचा दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसले अन् हात जमिनीवर उघडा ठेवला. "बुला मत बेटी. उसको आने दे."

तीन दिवस कांद्या टोपलीतून नुसता पाहत राहिला. चौथ्या दिवशी जाऊन चाचांच्या मांडीवर झोपला. अन् चाचांकडे तर साधा बटनांचा फोन आहे!

*

अन् परवाची गोष्ट. परीचा दुसरा वाढदिवस. पहिल्यांदाच घर माणसांनी भरलेलं. मी पुऱ्या तळत होते, पण जीव सगळा कांद्यात. तेवढ्यात शेवंताकाकूंची किंकाळी आली, "चावलं वो माय, चावलं!"

मी झारा टाकून धावले. ह्यांनी थेट खुंटीवरची दोरी काढली अन् कांद्याला शोधायला लागले. कांद्या सापडला बाहेर, दारात काढलेल्या चाचांच्या चपलेवर डोकं ठेवून घोरत.

काकू खाटेवर हात धरून बसलेल्या. बोटावर वर दोन, खाली दोन, बारीक दात उमटलेले.

"गालगुच्चाच घ्याले गेली होती वो मी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

खाटेखालून परी सगळ्यांकडे टकामका पाहत होती.

हे दोरी हातात घेऊन उभेच. सासूबाईंनी विचारलं, "काय रे, आता कोणाले सोडतं तिवस्याले?"