आम्ही दोघं पंच

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलगावच्या बाजारात कांदे निवडत होतो. हार्ट अ‍ॅटॅक. महिना होऊन गेला, तरी सांगायला लाज वाटते... मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता साक्षीला मी एकटाच उरलो.

चार वर्षांपूर्वी आमच्या नदीत वाळूचे टिप्पर दिवसाढवळ्या उतरायचे. पात्रातल्या खड्ड्यांत मेंढ्या बुडायला लागल्या, म्हणून एका मेंढपाळानं टिप्परची वाट अडवली. दुसऱ्या दिवशी टिप्परनं त्याला चिरडलं. पंचनाम्याला पोलिसांना दोन पंच हवे होते आणि सगळ्या गावाला एकदम शेतात कामं निघाली. माधवनं माझा दंड धरून मला पुढं नेलं. आमच्याकडे पंच सही करून मोकळा होतो, वर काय लिहिलंय ते कोण बघतो? मीही सही ठोकली. माधव मात्र पंचनामा अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचत बसला.

"साहेब, ह्यो रस्त्यावर न्हवता. बाभळीखाली व्हता. चाकं रस्ता सोडून खाली आलीत. तेवढं लिवा."

त्या एका ओळीमुळं अपघाताची केस खुनाची झाली, आणि आमच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. माधवच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न 'पुढं बघू' म्हणत मोडलं. दारावरून गाडी सावकाश जायची, काच खाली व्हायची, आतून कुणीतरी हसून नमस्कार करायचं. तारखांवर तारखा पडत गेल्या. मेंढपाळाची बायको उरलेल्या मेंढ्या विकून ऊसतोडीला गेली. मी पार थकलो. एकदा चिडून म्हणालो, "कशापायी वाचत बसलास रं?"

तो म्हणाला, "मला बी भ्याव वाटतं. लई वाटतं. पर आपुन दोघं हाव की."

आता दोघं नाही. 'काही आठवत नाही, एवढंच म्हण,' असा वाळूवाल्यांकडून मला निरोप आलाय. खरं सांगतो, तेच म्हणायचं मी ठरवलं होतं.

परवा माधवच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी चहा दिला. आतल्या खोलीत खुंटीला त्याचा इस्त्री केलेला पांढरा सदरा होता. तो फक्त कोर्टाच्या तारखेला घालायचा. वहिनींनी तो काढून माझ्यापुढं धरला.

"भाऊजी, सोमवारी तुमची तारीख हाय ना? बसतो का बघा."

नको म्हणणार होतो, पण हात पुढं झाला. घरी आणून अंगात घातला. खांद्यात जरा सैल होतो.

सोमवारी घालीन.