कढईच्या मापाची ग्रहमाला

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाहीत, आणि अक्षर असं की ओळीवर सुरू होतं आणि शेवटी खाली घसरतं. पण काही माणसांचे उपकार लिहून ठेवावेसे वाटतात. तोंडाने सांगणं मला जमत नाही.

अमरावतीत आमचं फुलांचं छोटं दुकान आहे. शेतातून झेंडू, शेवंती नवरा आणतो, हार मी करते. सुटी फुलं बांधायला रद्दी लागते, आणि रद्दीत जुने दिवाळी अंक येतात. त्यांतल्या विज्ञानकथांची मला गोडी लागली. दुसऱ्या ग्रहावर अडकलेली माणसं, मालकाला उलट उत्तर देणारी यंत्रं. पान वाचून झाल्याशिवाय त्याची पुडी बांधायची नाही, असा माझा नेम होता. एकदा गर्दीत न वाचलेलं पान एका बाईंच्या फुलांबरोबर गेलं. बाई कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, रोजच्या गिऱ्हाईक. तिसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "बाई, परवाचा कागद फेकला का? त्या यानाचं दार उघडलं का नाही, ते वाचायचं राहिलं माझं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कागद आला, सोबत पुस्तकांची पिशवी आली. त्यांच्या घरी दर रविवारी विज्ञानकथा वाचणारी दहा-बारा माणसं जमायची. त्यांत त्यांनी मला नेऊन बसवलं. दोन वर्षं मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकलं. मी का बोलत नाही, हे कोणी एकदाही विचारलं नाही.

मग ठरलं, की अकोल्याला दोन दिवसांचं संमेलन करायचं. भाषणं, गोष्टींचं वाचन आणि एक प्रदर्शन. बैठकीतल्या तरुण मुलांनी परग्रहावरच्या लोकांचे पोशाख शिवले होते. ग्रहमाला छताला टांगायची होती, चित्रं भिंतीवर लावायची होती. हॉल बघायला आम्ही पाच जण गेलो. हॉलचे शेठ म्हणाले, "भिंतीले एक खिळा लागला, तर डिपॉझिट विसरा. चिकटपट्टीबी नाही आन् छताले दोरीबी नाही. रंग परवाच देला."

सगळ्यांची तोंडं उतरली. त्यातून डिपॉझिट दहा हजार, आणि वर्गणी भाड्यातच संपलेली.

मला मात्र आमच्या घरच्या महालक्ष्म्या दिसत होत्या. आमच्याकडे भादव्यात दोन महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. पत्र्याच्या पोकळ कोठीला साडी नेसवायची, वर मुखवटा ठेवायचा, की बाईएवढी मूर्ती उभी राहते. भोवती चार बांबूंचा मखर. त्याच्या आडव्या काठ्यांना फुलोरा टांगायचा, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, करंज्या, वेणी-फणी. सगळं आपल्या पायावर उभं राहतं, भिंतीला काही लागत नाही. मी हे बाईंच्या कानात सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला नका सांगू. यांना सांगा." मग मी शेठच्या टेबलाकडे बघत सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर कळलं, की हातातला रुमाल पार चुरगळला होता.

मांडणी माझ्याकडे आली. आणि डिपॉझिटची गोष्ट निघाली तेव्हा मीच म्हटलं, की आमच्या बचत गटात विचारून पाहते.

गटात आम्ही चौदा बायका. भाजी-फुलं विकणाऱ्या, काही नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात जाणाऱ्या. मी पैसे मागायला उभी राहिले, तशी गटाची अध्यक्ष म्हणाली, "कायच्यासाठी पाहिजे वं?"

"अकोल्यात हॉल घ्यायचा हाय."

"कोनाचं लगन काढलं?"

"लगन नाही. आकाशातल्या गोष्टी वाचनारे लोक जमून राहिले."

"म्हंजे ज्योतिषी?" मागून कोणी तरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मी खाली बसणार, इतक्यात माझी मोठी जाऊ उठली. "हसता काहून? हिनं आजवर गटात कपभर चहा नाही मांगितला. आज दहा हजार मांगून राहिली, तं काही असन. हॉलवाला वापस देते म्हनते ना? मंग द्या हिले."

दिले. माझ्या एका शब्दावर चौदा घरांचे पैसे निघाले. एखादा खिळा चुकून लागला, तर मी गटात कोणत्या तोंडाने बसणार होते?

कोठ्यांसाठी सासूबाईंची परवानगी लागणार होती. त्या म्हणाल्या, "महालक्ष्म्या भादव्यात बसतात. तू माघात कोनाले बसवून राहिली?" कोठ्यांना परग्रहाचे पोशाख चढवायचे आहेत, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुखवटा चढला का लक्ष्मी. तवलोक पत्राच हाय तो. घेऊन जाय. मुखवटे मात्र घरचा उंबरा नाही वलांडनार." मग त्यांनीच शेजारी फिरून आणखी तीन घरच्या कोठ्या मागून आणल्या. मला तेही जमलं नसतं.

आठ कोठ्या घेऊन मी आणि जाऊ अकोल्याच्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली टाक्या घेऊन चालल्या? काही भरून तरी न्या!" जाऊ म्हणाली, "मानसं भरनार हाये. तुले याचं हाय का?" अर्धी गाडी हसली. त्याने सामानाचं तिकीट घेतलं नाही.

मुलांचे चंदेरी पोशाख कोठ्यांवर असे बसले, की मुलं स्वतःच दोन पावलं मागे सरली. डोक्याच्या जागी आम्ही शेतातली कोहळी ठेवली. त्यांना काही रंगवावं लागलं नाही, मुळातच ती या जगातली वाटत नव्हती. तेलाच्या पिप्यांत रेती भरून बांबू उभे केले, काठ्यांच्या मध्ये दोऱ्या ताणून चित्रं चिमट्यांनी लावली. आणि आडव्या काठ्यांना टांगायचे ग्रह मी फुलोऱ्याच्या पुऱ्यांसारखे तळले. सगळ्यात मोठा गुरू, म्हणून तो कढईत मावेल एवढा. मग त्याच्या मानाने बाकीचे लहान. शनीला चकलीचं कडं. बाई पुस्तक उघडून मापं बघत होत्या. म्हणाल्या, "आपली ग्रहमाला कढईच्या मापाची झाली." त्यांच्या तोंडून 'आपली' ऐकून फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी खूप माणसं आली. नातवाबरोबर आलेल्या एका आजीने कोहळ्याच्या डोक्याला नमस्कार केला आणि मला विचारलं, "हळदीकुंकू ठेवलं नाही का वं?"

संध्याकाळी लोक पांगल्यावर मी पडलेले चिमटे उचलायला खाली वाकले. ग्रहांवर दिवसभर पिवळे दिवे होते. ते तापून तेल गळलं होतं, आणि गालिच्यावर पहिल्या ग्रहापासून शेवटच्या ग्रहापर्यंत डागांची रांग उमटली होती. घरी फुलोऱ्याखाली फरशी असते, फडकं मारलं की झालं. इथे शेठचा गालिचा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भिंत जपता जपता मी जमीन विसरले.

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांनी पाहिलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या तुमच्यावर घेऊ नका." मग मांडणी करून घरी परतलेल्या जावेला मी फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"रडून काहून राहिली? डागायवर बेसन टाक. जाड थर टाक, रातभर राहू दे. सकाळी येतो आमी."

सकाळच्या पहिल्या गाडीने गटाच्या सहा जणी आल्या. कारखान्यातल्या दोघींनी तर मजुरी बुडवली. ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि घासता घासता वर बघून विचारत होत्या, "हा कोनता वं? आन् आपन कोन्त्यावर राहतो?" मी एकेका ग्रहाचं नाव सांगत गेले. सहा जणींसमोर एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते. डाग निघाले. गुरूखालचा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशीचं संमेलन छान पार पडलं. सामान हलवल्यावर शेठनी भिंती हात फिरवून तपासल्या, छत पाहिलं, मग गालिच्याजवळ थांबले. "हा डाग."

जाऊ म्हणाली, "शेठ, याच्याहून मोठा तं तुमच्या सदऱ्यावर हाय."

शेठनी खाली पाहिलं आणि त्यांनाही हसू आलं. तरी दोन हजार कापलेच, आठ दिले. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही, गालिचा त्यांचा होता.

आठ हजार मी दुसऱ्याच दिवशी गटात दिले. उरलेले बाई एकट्या द्यायला निघाल्या, मी नको म्हटलं. बाईंना नको म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. शेवटी एक हजार रविवारच्या मंडळींनी काढले आणि एक हजार मी द्यायचे राहिले. गटात कोणी आठवण करून दिली नाही. उलट अध्यक्ष दुकानावरून जाताना म्हणायची, "पुढच्या वर्षी आमालेबी घेऊन चाल, नुसतं घासाले नको बलावू."

लग्नांचे दिवस आले, हारांची कामं वाढली. वैशाखातल्या बैठकीत मी दोन्ही हजार अध्यक्षापुढे ठेवले. तिने नोटा मोजल्या, वहीत माझ्या नावापुढे 'पूर्ण' असं लिहिलं आणि वही पुढच्या बाईकडे सरकवली.