क्षेत्रसंन्याशाचा मुलगा

राजघाटच्या पुलाअलीकडे बाबा रिक्षातून उतरले, त्यांच्यामागून आईही. मला मुगलसरायहून दिल्लीची गाडी पकडायची होती आणि तिथून नायजेरिया. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. पूर्वेला ती सीमा म्हणजे गंगा, आणि स्टेशन पलीकडे. ‘‘दोन वर्षं काय, बघता बघता जातील,’’ असं म्हणून त्यांनी एकुलत्या एका मुलाला तिथूनच निरोप दिला. मला रागच आला होता.

तेलाच्या पैशावर तिकडे भराभर शाळा निघत होत्या आणि गणिताचे मास्तर आपल्याकडून जात होते. माझ्या वाट्याला लोकोजा आलं. नायजर आणि बेनुए या नद्यांचा तिथे संगम आहे. काशीकराला संगमाचं काय कौतुक, प्रयाग आमच्या शेजारीच. पण इथल्या संगमावर ना कुणी डुबकी मारत होतं, ना पिंड सोडत होतं. नुपे कोळी जाळी टाकत, पलीकडच्या काठावरचे इगाला लोक बाजाराला येत, एबिरा बायका सुरणासारखे याम विकत, हौसा व्यापारी कांद्याची पोती उतरवत. भांडण जुंपलं की मात्र सगळे हौसा भाषेत भांडत. मंगला गौरीच्या आमच्या गल्लीतही मराठी, बंगाली आणि तेलुगू घरं बनारसीतच भांडतात. त्यामुळे मला तिथे फारसं परकं वाटलं नाही.

शाळेत ग्रेसबाई इतिहास शिकवत. त्यांचे पणजोबा सोडवलेल्या गुलामांपैकी. अशा लोकांची जुनी वस्ती तिथे आहे. बाईंनी मला दोन लोखंडी खांब दाखवले. त्यांच्यामधून चालत गेलेला गुलाम मोकळा झाला, असं गावात सांगतात. पणजोबांना लहानपणी झोपेतून उचलून नेलं होतं. त्यांचं गाव कोणतं, भाषा कोणती, घरात कोणालाच ठाऊक नाही. मी बाबांच्या व्रताबद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘कुणी बांधलेलं नसताना?’’ मला ते लागलं. मी मुक्ती, क्षेत्र, पुण्य असं बरंच समजावलं, पण माझं मलाच ते पटेना.

दोन वर्षांची सात झाली. मग तार आली आणि मी काशीला धावलो. बाबांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. काशीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. दिल्लीला नेऊन ऑपरेशन केलं तर वाचण्याची आशा होती. मी तसं सांगितल्यावर बाबा हसले. ‘‘लोक मरायला काशीत येतात रे. तू मला जगायला बाहेर काढतोस?’’

आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिने दिल्लीची पिशवी भरून ठेवली होती. ‘‘त्यांचं मुळीच ऐकू नको. बेहोश झाले की उचल आणि गाडीत घाल. पाप लागलं तर माझ्या माथी.’’

दोनच दिवसांत बाबांची शुद्ध गेली. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. न्यायचं तर आत्ताच, असं डॉक्टर म्हणाले. मी बाबांच्या पाठीखाली हात घातले आणि तिथेच थांबलो. शुद्धीत नसलेल्या माणसाला उचलून नेणं म्हणजे काय, हे मी लोकोजात ग्रेसबाईंकडून ऐकून आलो होतो. मी हात काढून घेतले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून त्यांची शाल काढून त्यांच्या अंगावर घातली. दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

मुलगा असावा तर असा, बापाचं व्रत राखलं, असं गल्लीत सगळे म्हणाले. आई दिल्लीची पिशवी रिकामी करत होती. तेराव्यानंतर मी तिला लोकोजाला चल म्हणालो. ‘‘तू जा, तुझी नोकरी आहे,’’ एवढंच तिचं उत्तर. मी एकटाच लोकोजाला परत आलो.

मी केलं ते बरोबर की चूक, हे अजून कळत नाही. बाबांचा मान राहिला, पण तिचा माणूस गेला. आणि त्याला वाचवण्याचा प्रयत्नही मी तिला करू दिला नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे कळेल. घर म्हणजे घाट, गल्ली, कचौडी असं मी पूर्वी परक्यांना सांगत असे. आता सांगत नाही. आई फोनवर इथल्या हवेची चौकशी करते, पुढे मला झालेल्या मुलांची नावं घेऊन एकेकाची ख्यालीखुशाली विचारते, तब्येतीला जप म्हणते. ‘कधी येतोस’ एवढं मात्र ती आता विचारत नाही.