शकूच्या विहिरीचा काठ

शकू पाण्यात गेली नाही.

हे आधी सांगते, कारण वर्षभर लोक मला हेच विचारताहेत. आयुष्यभर पोरींना विहिरीत पोहायला शिकवणारी बाई, अंगणात मिरच्यांची देठं खुडताना बसल्या जागी गेली. हार्ट.

आज वर्ष झालं.

नववीत वडिलांची बदली झाली आणि मी बीडला आले. त्याआधी औरंगाबादला कॉन्व्हेंटमध्ये होते. म्हणजे इंग्रजी चांगलं आणि बाकी सगळी बोंब. वर्गातली शकू जवळच्या पाली गावाहून एसटीनं यायची. पहिल्याच दिवशी माझे पांढरे कॅनव्हासचे बूट बघून म्हणाली, "ए कॉन्व्हेंट, हे पायात घालतीस का देवघरात ठेवतीस?"

तेव्हापासून मी कॉन्व्हेंट. अगदी शेवटच्या फोनपर्यंत.

आमच्या हायस्कूलमध्ये पी.टी.च्या तासाला मुलं ग्राउंडवर आणि आम्ही मुली वर्गात रुमालावर फुलं काढत बसायचो. शकूला ते सहन व्हायचं नाही.

"हातपाय काय रुमालासाठी दिलेत का देवानं?"

मग रविवारी आम्ही चार-पाच मैत्रिणी पालीला. शकूच्या घरची विहीर. धरण जवळ, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी असायचं.

पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, डाक देऊन तोंड बंद केलेला. त्याच्या जिवावर तरंगायचं. काठावर दोर घेऊन शकूची माय.

तिचा एकच नियम. "काठावर बाई पायजे. अन् तिला उडी मारता आली पायजे. नुसती बोंबलणारी कामाची न्हाई."

पोहायला आलं तसा एकेकीचा डबा सुटला. माझा नाही.

मी "पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी" करत राहिले. तेवढ्यात दहावी आली, तेवढ्यात वडिलांची पुन्हा बदली.

लग्नानंतर मी बीडलाच आले, हे माझं नशीब. शकूचं लग्न गावातल्या गावात झालं, त्यामुळे तिची विहीर सुटली नाही. माय थकल्यावर दोर शकूनं धरला. दर उन्हाळ्यात गावातल्या नववी-दहावीच्या पोरी तिच्या हवाली. ग्राउंडवर मुलांचं क्रिकेट, रस्त्यावर डंपर, जिमला कोण पाठवतंय? या पोरींना हातपाय मोकळे करायला, एकमेकींना भिजवायला, मोठ्यानं हसायला ही एकच जागा.

मी भेटायला गेले की शकूचं सुरू. "कॉन्व्हेंट, कधी सोडतीस डबा?"

"गुडघे दुखतात गं आता."

"पाण्यात गुडघ्याला काय काम? तुला का चालत जायचंय तळाला?"

ती गेली आणि तिच्या भावानं, बाळूभाऊंनी, विहिरीच्या पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. त्यांना दोष देत नाही. पोरीबाळींची जबाबदारी. "शकी व्हती तवर ठीक व्हतं ताई. आता काठावर कोण हाय?"

दिवाळीत पालीची पल्लवी माझ्याकडे आली. नववीतली. शकूनं डबा सोडवलेली शेवटची मुलगी.

"मावशी, तुमी बसा ना काठावर. तुमी तर शकूमावशीच्या मैत्रीण."

मी काय सांगणार? की ही मैत्रीण साठी उलटली तरी डबेवालीच आहे?

तिला म्हटलं, "उन्हाळ्यापर्यंत थांब."

लेकीकडे पुण्याला गेले आणि पोहण्याच्या लेडीज बॅचला नाव घातलं. लेक म्हणाली, "आई, वॉक कर, योगा कर, हे काय काढलंस?" शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. "आजी, तुम्ही शॅलोमध्येच राहा हं."

"मला काम डीपमध्ये आहे," म्हटलं.

दोन वेळा रडले. चेंजिंग रूममध्ये, नळ सोडून. तिसऱ्यांदा रडायला वेळ नव्हता, उन्हाळा जवळ आला होता.

आज सकाळी शकूच्या फोटोला हार घालून आम्ही सगळे विहिरीवर गेलो. पोरी पंजाबी ड्रेसवर ओढण्या कमरेला घट्ट बांधून तयार होत्या. बाळूभाऊ हाताची घडी घालून उभे.

"ताई, राग नका मानू. तुमाला डब्याबिगर येतं का?"

मी चष्मा पल्लवीकडे दिला आणि उडी मारली.

स्विमिंग पूलचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं. ते ओढतं. पायाला काहीच लागेना. नाकात पाणी, डोळ्यांपुढे नुसतं हिरवं. वर आले तेव्हा आधी पाठीला हात लावून बघितला.

पाठीवर काहीच नव्हतं.

वरून पोरींचा जो आरडाओरडा झाला, तो शकूच्या घरापर्यंत गेला असेल.

मी कपारीतल्या दगडाला धरलं, श्वास घेतला आणि म्हटलं, "बाळूभाऊ, काट्या काढा. मला वर यायचंय."

बाळूभाऊ पुढे झाले. मग काठी घेतली आणि एकेक फांदी ओढून बाजूला टाकायला लागले. तोंड आमच्याकडे नव्हतं त्यांचं. शेवटची फांदी काढून झाल्यावर बोलले.

"उडी लई वाकडी हाय ताई तुमची."

त्यांनी डोळे पुसले. "पण वर आलाव."

मग मी काठावर बसले, ओल्या कपड्यांत, शकूच्या जागेवर. दोर हातात घेतला. पहिली उडी पल्लवीची.

बीडमधल्या माझ्या मैत्रिणींनो, ज्यांना पोहता येतं त्यांनी कधीतरी पालीला या. दोर दोघींनी धरलेला बरा. माझे गुडघे खरंच दुखतात.

शकू, डबा सुटला गं.

रविवारी मी काठावर आहे. तू निवांत जा.