बादलीतलं जस्त

मुलीच्या रत्नागिरीच्या अंगणात जस्ताची जुनी बादली दिसली आणि मी थेट लातूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नळ कोरडे पडले होते. अशात आमच्या सरांनी कोकणातून कॅनभर समुद्राचं पाणी मागवलं. त्यातले धातू आम्ही दोघींनी मोजायचे, मी आणि उदगीरची शोभा. पाऱ्याच्या टांगलेल्या थेंबात आधी धातू गोळा करायचा, मग विजेनं सोडवायचा. तो सुटला की यंत्राचं पेन कागदावर उंचवटा काढायचं, धातू जितका जास्त तितका उंच. जस्ताची पाळी आली आणि पेन कागदाच्या पार वरच्या काठाला जाऊन धडकलं!

"अगं, हा समुद्र आहे की जस्ताची खाण!" मी ओरडले.

शोभा मात्र कोपऱ्यातल्या जस्ताच्या बादलीकडे बघत होती. दुष्काळात विसळलेलं पाणी फेकवत नव्हतं. ते त्या बादलीत साठवून आम्ही त्यानंच पुन्हा भांडी विसळायचो.

"समुद्र कुठला गं, आपली बादली हाय ही!" हसून हसून ती खालीच बसली.

मग डिस्टिल्ड पाण्याची शेवटची बाटली उघडली. विसळायचं आणि सरळ मोरीत ओतायचं. "लई जिवावर यायलंय," म्हणत शोभानं डोळे मिटून ओतलं.

पुन्हा समुद्राचं पाणी घेतलं. पेन हललं. नखाएवढा उंचवटा उमटला आणि आम्ही एकमेकींना मिठीच मारली.

तोवर दोघींनीही समुद्र पाहिला नव्हता. आज तो अंगणापलीकडे गाजतोय, पण मला पहिल्यांदा दिसला तो लातुरात, त्या कागदावर.